काउंट आला म्हणजे इम्युनिटी आली का? वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत आणि मेलमध्ये एक शब्द इतक्या वेळा आलाय की मी मोजायचं सोडून दिलं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. काउंट कमी आला, काउंट वाढत नाहीये, काउंटसाठी काय खायला द्यायचं, काउंट चांगला आहे तरी आजारी का पडतोय. ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या घरात दूधवाल्याच्या आधी लॅबवाला येऊन जातो आणि मग व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट येईपर्यंत कोणाला चहा गोड लागत नाही, हे मी वीसेक वर्षं बघतेय. म्हणून यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले (थायरॉइडवाल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात नक्की) आणि फक्त किमो आणि पांढऱ्या पेशी एवढंच घेतलं. एक आधीच सांगते, ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे सगळे ब्लड कॅन्सरच पण प्रत्येकाची किमो वेगळी, त्यामुळे इथलं वाचून घरच्या घरी गोळ्या बंद-चालू करू नका, तुमची फाइल तुमच्या डॉक्टरांकडे आहे, माझ्याकडे नाही.

प्रश्न, परभणीहून: मॅडम, माझ्या मिस्टरांना एएमएल हा ल्युकेमिया निघाला तेव्हा पांढऱ्या पेशी ८६ हजार होत्या. आम्हाला वाटलं पेशी तर भरपूर आहेत, पण त्यांना न्यूमोनिया झालेला. आता किमो होऊन पेशी ६०० वर आल्यात आणि डॉक्टर म्हणतात अपेक्षेप्रमाणे चाललंय. भरपूर होत्या तेव्हा इन्फेक्शन आणि संपल्या तर डॉक्टर खूश? मला काहीच कळेना झालंय.

उत्तर: ताई, घरी शेती आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून शेतातलंच सांगते. लांबून बघितलं तर रान हिरवंगार दिसतंय, जवळ गेलं तर सगळं गाजरगवत. ते ८६ हजार म्हणजे तेच होतं. लॅबचं मशीन पांढरी पेशी दिसली की मोजतं, ती कामाची आहे का बिनकामाची हे त्या एका आकड्यात येत नाही. एएमएलमध्ये बहुतेक पेशी ब्लास्ट असतात, म्हणजे अर्धवट वाढून तिथेच अडकलेल्या, त्यांना ना जंतू गिळता येतो ना मारता येतो, आणि वरून त्या बोन मॅरोतली, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथली, जागा अडवून बसतात म्हणून चांगल्या पेशी बनतच नाहीत. म्हणून ८६ हजार असून न्यूमोनिया.

आता किमोचं. एएमएलला बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा सेव्हन प्लस थ्री देतात, सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डाउनोरुबिसिन. हे तणनाशकासारखं आहे पण आपल्याला बाजारात मिळतं तसं निवडक नाही, जे जे भराभर वाढतंय त्या सगळ्यावर पडतं, त्यात तणही जातं आणि पिकाचे कोवळे कोंबही जातात. वाचतं काय तर मातीत निजलेलं बियाणं. बोन मॅरोतल्या मूळ पेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या बऱ्याचशा झोपलेल्या असतात, वाढत नसतात, म्हणून औषध त्यांच्यावरून निघून जातं. रान पूर्ण उघडं पडलं की मगच या बियाण्याला जागा मिळते आणि कोंब यायला तीन ते चार आठवडे लागतात. तुमचे मिस्टर आत्ता त्या उघड्या रानाच्या दिवसांत आहेत. डॉक्टर खूश नसतील, पण वाट बघण्यासारखं चाललंय असं त्यांना म्हणायचं असेल.

आणि रिपोर्ट बघताना टीएलसीच्या, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशींच्या, आकड्यावर थांबू नका. खाली न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती टक्के ते बघा, काही लॅब अजून पॉलिमॉर्फ्स लिहितात, तेच ते. टीएलसी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले शंभर, हा झाला एएनसी. समजा ६०० पैकी १० टक्के तर एएनसी ६०. दीड हजाराच्या खाली कमी म्हणतात, ५०० च्या खाली धोक्याचं, १०० च्या खाली फारच जपायचं. कधी पेशी इतक्या कमी असतात की लॅब टक्के देतच नाही, तेव्हा घाबरून दुसऱ्या लॅबला पळू नका, मोजायला पेशीच नसतात इतकंच.

प्रश्न, नाशिकहून: बाबांना लिम्फोमा आहे. दुसरी किमो झाल्यावर पाच दिवस एकदम फ्रेश होते, स्वतः जाऊन भाजी घेऊन आले. नवव्या दिवशी रात्री १०१ ताप आला. आम्ही क्रोसिन दिली, घाम येऊन उतरला, म्हणून झोपू दिलं आणि सकाळी हॉस्पिटलला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी आम्हालाच झापलं. किमोला नऊ दिवस झाल्यावर ताप किमोचा कसा असेल? आणि एक क्रोसिन देण्यात एवढं काय चुकलं?

उत्तर: झापायला नको होतं, समजावून सांगायला हवं होतं, आणि ते खरं म्हणजे पहिल्या किमोच्या आधी. पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबण लावते.

आधी ते पाच फ्रेश दिवस. लिम्फोमाच्या नेहमीच्या किमोत पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात, ते स्टेरॉइड, त्याने भूक लागते, अंगात जोर येतो, झोप उडते, माणूस भाजी आणायला जातो. आणि गंमत म्हणजे त्या दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, केली तर न्यूट्रोफिल वाढलेले पण दिसतात, कारण रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या पेशी स्टेरॉइडमुळे सुटून मधल्या प्रवाहात येतात. नवीन काही बनलेलं नसतं. तो काउंट बघून खूश व्हायचं नाही.

मग नववा दिवस. न्यूट्रोफिल ही फार कमी आयुष्याची पेशी आहे. लाल पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल रक्तात आल्यावर काही तास, फार तर एखादा दिवस. म्हणून बोन मॅरो रोज साधारण १० हजार कोटी न्यूट्रोफिल बनवत असतो, हो, रोज. किमोने हे बनवणं बंद पडतं, पण मॅरोच्या गोदामात तयार मालाचा आठवडाभराचा स्टॉक असतो, तो संपेपर्यंत बाहेर काही कळत नाही. स्टॉक संपला की एकदम खड्डा. हा खड्डा साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पडतो आणि मग हळूहळू भरत तीन आठवड्यांच्या आसपास पेशी जागेवर येतात, तुमच्या बाबांची किमो दर २१ दिवसांनी असते त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणजे नवव्या दिवसाचा ताप हा किमोचाच हिशोब आहे, फक्त उधारीने आलेला.

आता क्रोसिन. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाला इन्फेक्शन झालं तर बाकीची लक्षणं दिसतच नाहीत. पू म्हणजे काय तर मेलेल्या न्यूट्रोफिलचा ढीग, त्याच नाहीत तर पू कुठून होणार. गळू होतं पण फुगत नाही, न्यूमोनिया असतो पण कफ पडत नाही, लघवीत इन्फेक्शन असतं पण पस सेल दिसत नाहीत. मी रेसिडेंट असताना एका पेशंटचा छातीचा एक्सरे क्लिअर बघून फाइलवर निवांत नॉर्मल लिहिलं होतं, चार दिवसांनी त्याच्या पेशी वर आल्या आणि त्याच छातीत भलामोठा पांढरा डाग उमटला. डाग पाडायला पेशी लागतात हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते आजपर्यंत. तर अशा माणसाकडे आत काहीतरी बिघडलंय हे सांगायला एकच गोष्ट उरते, ताप. तोच तुम्ही क्रोसिन देऊन गप्प केलात. ताप उतरला, जंतू आत वाढतच राहिले.

आणि जंतू बाहेरून आले असंही नसतं बरं का. किमो तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पण पडते, कारण तेही भराभर वाढणारं, म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, आणि त्या सोललेल्या अस्तरातून आपल्याच आतड्यातले ई कोलाय, क्लेबसिएला रक्तात शिरतात. म्हणून घर फिनाइलने तीनदा पुसलं तरी ताप येऊ शकतो, त्यात घरच्यांचा दोष नसतो. आपल्याकडे हे जंतू बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाहीत, म्हणून पहिल्यापासून शिरेतून जोरकस औषध द्यावं लागतं, आणि हॉस्पिटलला पोचल्यापासून एक तासाच्या आत पहिला डोस गेला पाहिजे असा नियम आहे. तासाच्या आत. रात्रभर थांबणं म्हणजे काय ते आता तुम्हाला कळलं असेल.

तर पुढच्या वेळेसाठी. थर्मामीटर लावा, एकदा जरी १०१ फॅरनहाइट आला किंवा १००.४ येऊन तासभर टिकला तर निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप दिसायची पण वाट बघायची नाही. ताप मोजून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन नाही, एनिमा नाही, गुदद्वारातून कुठलीही गोळी नाही. किमोचा कागद आणि शेवटची सीबीसी एका पिशवीत घालून दाराला टांगून ठेवा. कॅज्युअल्टीत गेल्यावर केस पेपरच्या लाइनीत उभं राहायच्या आधी, जो कोणी सिस्टर-डॉक्टर दिसेल त्याला मोठ्याने सांगायचं, किमोचा पेशंट आहे, नववा दिवस आहे, ताप आहे. तिथे भिडस्तपणा करायचा नाही.

प्रश्न, सांगलीहून: काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलं की कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, कॅन्सर हाडात गेला असेल का?

उत्तर: नाही हो. ते जीसीएसएफ आहे, मॅरोला घाई करायला लावणारं, आणि प्रौढ माणसाचा मॅरो मुख्यतः कमरेच्या, छातीच्या, पाठीच्या हाडात असतो, तिथे काम जोरात चालू झालं की हाडं ठणकतात. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी घ्या, वरचा तापाचा नियम सांभाळून. हे इंजेक्शन मुख्यतः न्यूट्रोफिलला ढकलतं, टी आणि बी पेशी त्याने भरून येत नाहीत, हे लक्षात असू द्या, पुढे फोंड्याच्या काकांच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न, कोल्हापूरहून: धाकट्या भावाला ल्युकेमिया आहे. माझा त्याचा ब्लड ग्रुप एकच, मी रोज तालमीत जाणारा, कसलं व्यसन नाही. तरी माझं रक्त नको म्हणाले आणि कोणा अनोळखी माणसाचं चढवलं, मला फार वाईट वाटलं. आणि रक्त देऊन पांढऱ्या पेशी का वाढवत नाहीत?

उत्तर: दादा, वाईट वाटून घेऊ नका, इथे तुमचं रक्त चांगलं आहे हाच प्रॉब्लेम आहे. रक्ताच्या पिशवीत थोडे देणाऱ्याचे टी लिम्फोसाइट पण जातात, म्हणजे परकं ओळखून त्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी. अनोळखी माणसाचे असतील तर भावाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं आणि बहुतेक वेळा संपवून टाकतं. तुमचे गेले तर ते घरच्यासारखेच दिसतात, म्हणून त्यांना कोणी हटकत नाही, पण त्या पेशी मात्र भावाला परका समजून त्याच्या कातडीवर, आतड्यावर, मॅरोवर हल्ला करतात. किमोने त्याच्याकडे विरोध करायला फारसं काही उरलेलंही नसतं. हे क्वचित होतं पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त टाळतात, किंवा द्यायचंच असेल तर आधी पिशवीला रेडिएशन देतात म्हणजे त्या टी पेशींना वाढता येत नाही. फ्लुडाराबिन किंवा बेंडामस्टिनसारखी टी पेशी साफ करणारी औषधं घेतलेल्यांना तर सगळंच रक्त असं रेडिएशन दिलेलं लागतं.

पांढऱ्या पेशी चढवत का नाहीत, तर त्या काही तासांत मरतात, आणि पिशवी फिल्टर करून त्या मुद्दाम काढून पण टाकतात. फार क्वचित देतात, रोजचा उपाय नाही तो.

शिवाय पुढे ट्रान्सप्लांट लागलं तर सख्खा भाऊ पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक असते, आणि आधीच तुमचं रक्त देऊन भावाच्या शरीराला तुमची ओळख करून ठेवली तर तेव्हा अडचण होऊ शकते. म्हणून स्वतःला राखून ठेवा. तोपर्यंत तालमीतली पोरं गोळा करून ब्लड बँकेत प्लेटलेट द्या, तुमच्या भावाला नाही तर शेजारच्या कॉटवरच्या माणसाला लागतीलच.

प्रश्न, लातूरहून: माझ्या सहा वर्षांच्या मुलीला एएलएल हा ल्युकेमिया, आता मेंटेनन्सच्या, म्हणजे मुख्य किमोनंतरच्या, गोळ्या चालू आहेत. पेशी वाढाव्यात म्हणून सासूबाई गुळवेलाचा काढा आणि पपईच्या पानाचा रस देतात, आणि मी रक्तवाढीचं लोह-फॉलिक अॅसिडचं टॉनिक आणलंय. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, तिन्ही नाही, पण सासूबाईंशी भांडू नका, हा कॉलम त्यांना वाचून दाखवा.

फॉलिक अॅसिडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक प्रकारचा भयंकर अॅनिमिया होत होता तो शोधायला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या मदतीने काम केलं आणि सापडलं काय, तर यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रिटिश लोक ब्रेडला लावतात त्या मार्माइटने, बायका बऱ्या होतात. त्यातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अॅसिड. अॅनिमियात एवढं चालतं म्हटल्यावर बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी तसली औषधं ल्युकेमियाच्या मुलांना देऊन बघितली, आणि कॅन्सर उलट जोरात वाढला. तिथे त्यांनी डोकं लावलं की फॉलिक अॅसिडने वाढतोय तर फॉलिक अॅसिड अडवणारं औषध देऊ. ते बनवून दिलं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने, आंध्रातल्या भीमावरमचे सुब्बाराव, अमेरिकेत लेडरली कंपनीत होते. १९४८ मध्ये फार्बर यांनी सांगितलं की १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ तरी आराम पडला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट तुमची मुलगी आठवड्यातून एकदा घेतेय. म्हणजे एका हाताने फॉलिक अॅसिड अडवायची गोळी आणि दुसऱ्या हाताने फॉलिक अॅसिडचं टॉनिक. कधी जास्त डोस दिल्यावर डॉक्टर स्वतःच फॉलिनिक अॅसिड देतात पण ते घड्याळ लावून, मोजून. आपण द्यायचं नाही.

गुळवेलाचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीच गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला, तो वाद असू दे बाजूला, पण मुलीच्या मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही गोळ्या आधीच लिव्हरवर ताण देणाऱ्या, त्यात तिसरं कशाला. आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की डॉक्टर कॅन्सरची गोळी थांबवतात, हे नुकसान सासूबाईंना नक्की पटेल. पपईचं पान कच्चं वाटलेलं, त्यातली माती-जंतू पूर्ण जात नाहीत.

अजून एक, मेंटेनन्समध्ये काउंट मुद्दामच कमी ठेवलेला असतो, एएनसी साधारण ५०० ते १५०० च्या मध्ये. तो ४ हजार झाला तर डॉक्टर पेढे वाटत नाहीत, गोळीचा डोस वाढवतात. काही मुलांमध्ये मात्र साध्या डोसनेच पेशी फार कोसळतात, एनयूडीटी१५ नावाच्या जीनमध्ये फरक असतो, आशियाई लोकांमध्ये तो जास्त सापडतो, तसं वाटलं तर डॉक्टर टेस्ट करून डोस खूप कमी करतात.

मग खायला काय, तर घरातलं ताजं शिजवलेलं सगळं. वरण-भात, अंडं पूर्ण उकडून, सोललेलं केळं. सगळं उकळलेलं-बेचव देणारी कडक पथ्यं करून इन्फेक्शन कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, त्याने मूल जेवायचं मात्र बंद होतं. बाहेरची चटणी, उसाच्या रसातला बर्फ, कापून ठेवलेली फळं एवढं टाळा. आणि घरात तिचा लहान भाऊ असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी त्याला थेंब द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, थेंबांत जिवंत विषाणू असतो, तो लहानग्याच्या शीतून बाहेर पडत राहतो, म्हणून अशा घरात पोलिओचं इंजेक्शन देतात.

प्रश्न, फोंड्याहून: वय ६१, लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅबसकट सहा किमो होऊन चार महिने झाले. पेटस्कॅन क्लिअर, पांढऱ्या पेशी एकदम नॉर्मल. तरी गेल्या महिन्यात नागीण उठली, त्याआधी दोनदा सर्दी छातीत उतरली. काउंट चांगला असून हे का?

उत्तर: काका, तुमचा प्रश्न आला आणि मला वाटलं या महिन्याचा कॉलम खरं तर यावरच लिहायला हवा होता. काउंट म्हणून आपण जे बघतो ते मुख्यतः न्यूट्रोफिल असतात, आणि ते सगळ्यात आधी परत येतात, तीन आठवड्यांत. बाकीचे आपापल्या वेळेने येतात. त्यांच्यामागोमाग काही आठवड्यांत विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी. मग बी पेशी, ज्या अँटिबॉडी बनवायच्या वाटेवरच्या, त्यांना साध्या किमोनंतर तीन-सहा महिने लागतात, पण तुम्हाला रिटुक्सिमॅब दिलंय आणि ते तर बी पेशींनाच शोधून मारतं, चांगल्या-वाईट सगळ्याच, त्यामुळे तुमच्या बी पेशी सहा महिने ते वर्षभर जवळपास गायबच असणार. आणि सगळ्यात शेवटी टी पेशी, त्यातही सीडी४ नावाच्या. त्या तयार व्हायला छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी लागते, लहानपणी ती चांगली गुबगुबीत असते म्हणून मुलांचे सीडी४ बहुतेक सहा महिन्यांत सावरतात, साठीत ती सुकून चरबी झालेली असते, मग वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

नागिणीचा विषाणू बाहेरून आलेला नाही, लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हाच तो मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसलाय आणि पन्नासेक वर्षं तुमच्या टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवून होत्या. पहारा उठला, तो बाहेर आला. सीबीसीत हे दिसत नाही, तिथे लिम्फोसाइट इतके टक्के एवढंच लिहिलेलं असतं, त्यात टी किती, बी किती, जुने अनुभवी किती उरले, काही कळत नाही. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो वगैरे काही नसतं, पण लेप लावून चार दिवस घालवू नका, पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत असायक्लोविरसारखं औषध चालू झालं तर फायदा जास्त.

मग चार महिन्यांच्या माणसाने काय करायचं? डॉक्टरांनी दिलेली सेप्ट्रानची गोळी, ती आठवड्यातून दोन-तीन दिवसांची, काउंट चांगला आला म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, ती न्यूट्रोफिलसाठी नाहीच, टी पेशी नसताना होणाऱ्या एका न्यूमोनियासाठी आहे. सर्दी सारखी छातीत उतरत असेल तर रक्तातलं आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, तपासायला सांगा, फार कमी असेल आणि इन्फेक्शन वारंवार होत असतील तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देतात. फ्लूची लस घ्या, फक्त रिटुक्सिमॅबनंतर सहा महिन्यांच्या आत ती कमी चढते, म्हणून घरातल्या बाकी सगळ्यांनी पण घ्यायची. नागिणीची जी नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते ती जिवंत विषाणूची नाही, कधी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. जिवंत लसी मात्र आत्ता अजिबात नाहीत. आणि रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाली होती का ते फाइलमध्ये बघा, जुना दबलेला हिपॅटायटिस बी या औषधानंतर महिनोन्‌महिने उलटून येऊ शकतो. संध्याकाळी पायी फिरा, बाजारात जायचं तर सकाळी गर्दी नसताना.

प्रश्न, दुबईहून: वडील पुण्यात, लिम्फोमा दोनदा उलटला. आता कार टी-सेल थेरपी सुचवली आहे. म्हणतात त्यांच्याच इम्युन पेशी वापरणार, पण त्या सोडायच्या आधी परत किमो देणार. इम्युनिटी वापरायची आणि आधी इम्युनिटीच मारायची, हे कसं?

उत्तर: बरोबर पकडलंत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेली नेक्सकार१९ ही आपली पहिली, तिला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली. यात रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात, लॅबमध्ये त्यांना सीडी१९ ओळखायला शिकवतात, बी पेशींच्या कॅन्सरवर ती खूण असते, आणि वाढवून परत देतात. देण्याच्या काही दिवस आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, कारण अंगात आधीपासून असलेले लिम्फोसाइट वाढीचे सिग्नल, आयएल-७, आयएल-१५ वगैरे, खाऊन टाकतात. ते हटवले की सगळं खाद्य नव्या पेशींना मिळतं आणि त्या पटापट वाढतात. एसटीत सीट रिकामी करून मग आपल्या माणसांना चढवण्यासारखं.

तुम्ही विचारलं नाहीत पण एक विचारून घ्या. वारंवार किमो झालेल्या माणसाच्या टी पेशी दमलेल्या असतात, त्या नीट वाढत नाहीत. म्हणून ही थेरपी करायचं ठरत असेल तर पेशी कधी काढणार आणि त्याआधी बेंडामस्टिनसारखं औषध टाळता येईल का, हे आत्ताच बोला. नंतर चांगल्या बी पेशी पण मरतात, त्यामुळे वरचं फोंड्याच्या काकांचं उत्तर तुमच्या बाबांनाही लागू.

प्रश्न, पेणहून, वय ११, वहीच्या पानावर पेन्सिलीने: डॉक्टर मावशी, माझी मेंटेनन्स चालू आहे. एएनसी ९०० आहे. आमचा गणपतीचा कारखाना आहे. मी मूर्तीला हात लावू का? आरतीला जाऊ का? मोदक खाऊ का?

उत्तर: अरे वा, एएनसी स्वतः लिहिणारा पेशंट मला फार आवडतो. ९०० चालतंय, मेंटेनन्सला तेवढाच हवा असतो. ओल्या मातीत हात घालायचा नाही आणि मूर्ती घासतात तिथे धूळ उडते तिकडे बसायचं नाही, मातीत बुरशीचे बारीक कण असतात आणि ते नाकातून छातीत जातात. पण घासून-पुसून झालेल्या मूर्तीचे डोळे रंगवायचे असतील तर मास्क लावून वेगळ्या खोलीत बस, नंतर साबणाने हात धू. घरच्या आरतीला जा, टाळ वाजव. मंडळात गर्दी असते तिथे यावर्षी नको, कोणाला सर्दी असेल तर घरच्या आरतीला पण त्याला लांब उभं कर, तुला तेवढा हक्क आहे. पंचामृत आणि तीर्थ नाही, सगळे हात घालतात त्यात. ताप आला तर आरती अर्धी टाकून आईला सांगायचं. मोदक उकडीचा, वाफेतून काढलेला, गरम, घरचा, बिनधास्त खा. किती खायचे ते आजीला विचार, त्याचा काउंटशी काही संबंध नाही.